मागच्या खिडकीचा हिशेब

हळदोण्यात त्यांना सगळे जनरालच म्हणत.
एलियास हे नाव बाप्तिस्म्याच्या वहीत,
आणि माझ्या उधारीच्या वहीत:
ए. कुलासो, पाव बाटली, मंगळवार.
उधारी त्यांनी कधी ठेवली नाही.
नोटांच्या कडा सरळ करून पैसे मोजून द्यायचे.
मी तरी लिहायची. हातालाच सवय.

पुढच्या दाराने आले नाहीत कधी.
पुढच्या खोलीत त्यांचाच फोटो,
पंचायतीने सत्कार केला त्या वर्षीचा,
छातीवर पदकांच्या तीन ओळी,
माझ्या नवऱ्याने हौसेने चौकट केलेली.
स्वतःच्या फोटोखाली बसून कोण पिणार?
म्हणून मागची खिडकी, माडाच्या आळ्याजवळची.
तिन्हीसांजेची घंटा थांबली की
दोन टकटक.

एका रात्री वीज गेली, मीच आत बोलावलं.
फळीवर चणे मांडून त्यांनी लढाई दाखवली.
ही काडेपेटी म्हणजे पूल.
ही बशी, त्यांची टेकडी.
हे आम्ही, एकेचाळीस.
बोट थरथरत होतं
पण चणा जिथं ठेवायचा तिथंच पडे.
तीन दिवस, तीन रात्री,
चवथ्या पहाटे आपले रणगाडे.
‘म्हणजे जिंकलात,’ मी म्हटलं.
बोलता बोलता त्यांनी चणे खाल्ले, चौतीस.
सात बाजूला सारले.
मी फडका मारला, सातही केरात.
ते काही बोलले नाहीत. पेला पुढे केला.

पुढे ब्रिगेड, मग डिव्हिजन, मग दिल्लीतलं रुंद टेबल.
आणि मेसमधली रम,
बर्फात थंडीचं औषध म्हणून घेतलेली,
ती जैसलमेरच्या उन्हातही लागतच राहिली.
निरोपाच्या समारंभात भाषणाचा कागद उलटा धरला होता.
टाळ्या तरी पडल्या.
हे त्यांनीच सांगितलं, हसत हसत.
बाय ओर्तेन्स पर्वरीला लेकीकडे गेली,
त्याचं मात्र हसले नाहीत.

माझा नवरा आमच्याच भाटीच्या फेणीनं गेला,
बेचाळिसाव्या वर्षी, पिवळा होऊन.
तांब्याचं भाण मी म्हापशाला शुक्रवारी विकलं, वजनावर.
आता दर गुरुवारी, शाळेमागच्या खोलीत
सोडू बघणारी माणसं जमतात,
तिथं चहा करते.
कुणी बोलावलं नव्हतं.

एका गुरुवारी दारात जनराल.
तिथं हुद्दा सांगायचा नसतो, आडनावही नाही.
नाव, आणि ते एक वाक्य.
उभे राहिले. टाचा आपोआप जुळल्या.
‘मी एलियास,’ म्हणाले,
आणि पुढे येईना.
ज्यांनी पूल सोडला नाही
त्यांना तीन शब्द ओलांडता येईनात.
मग भलतंच सुरू झालं:
मांगीलाल. थंगवेल. बचित्तर.
हरकबहादूर, आणि त्याचा धाकटा भाऊ, ज्याचं नाव चुकून पुन्हा विचारलं स्वतःलाच.
इब्राहीम.
सातवं नाव घेताना माझ्याकडे बघितलं.
पातेलं उतू गेलं, स्टोव्ह विझला,
मला हलता येईना.

त्यानंतर सगळं नीट झालं, असं नाही.
चवथीच्या सुमारास पंधरा दिवस बुडाले
दुसऱ्या कुणाच्या खिडकीपाशी.
परत आले ते दाढी वाढलेली,
सदऱ्याचं बटण चुकीच्या काजात.

आता मार्च. डोंगरावर बोंडू पिकलेत,
नीरोचा आंबूस गोडवा विहिरीच्या पाण्यालाही लागलाय.
शाळेची वाट पेद्रूच्या भाटीवरून जाते.
काल वळणावर थांबले, रुमाल नाकाशी.
‘बाई, तुम्ही पुढे व्हा. कव्हर द्या.’
मी पदर खोचला.
चाळीसेक पावलं असतील.
पेद्रूनं आतून हाक दिली,
‘जनराल, हुर्राक उतरलंय, चाखून तरी जा!’
मी मोठ्यांदा त्याच्या सुनेची चौकशी काढली,
कितवा महिना, डोहाळे कसले, गाडी कुणाची ठरवली,
मागून बूट येत होते, डावा, उजवा, डावा,
थांबले.

मी वळले नाही.
बोलत राहिले.